दार उघडणाऱ्याची वही

आषाढात बारामतीला पाऊस बेताचाच येतो, वारा मात्र घाट ओलांडून सगळाच्या सगळा येतो. अशाच एका संध्याकाळी माझी आत्या शेजारच्या काकूंना धपाट्यांची ताटली द्यायला दाराबाहेर आली आणि मागे दार धाडकन आपटलं. लॅच लागलं. चावी आत खुंटीला, मोबाइल आत, रक्तदाबाच्या गोळ्या आत. मी गाडी लावून तिसऱ्या मजल्यावर पोचलो, तेव्हा आत्या जिन्याच्या पायरीवर रिकामी ताटली मांडीवर घेऊन बसली होती.

भिगवण रस्त्याच्या बाजूचा एक चावीवाला पाऊण तासाने आला. चाळिशीचा माणूस, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. पिशवी खाली ठेवली, कुलपाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि आत्याला म्हणाला, "मावशी, घर तुमचंच ना? कशावरून म्हणायचं?"

आत्याचा पारा चढला. "पंचवीस वर्षं राहतेय मी इथं! या सगळ्यांना विचार." तो शांतपणे म्हणाला, "विचारणारच आहे."

त्या प्रश्नाचा राग मलाही आला होता. नंतर चावीवाल्यांच्या कामाची माहिती करून घेत गेलो, दोघातिघांजवळ बसलो, तेव्हा त्या रात्रीचा सगळ्यात मोलाचा भाग तो प्रश्नच होता हे कळलं. पण तिथवर यायचं तर आधी दार, कुलूप आणि कारागिरी समजून घ्यायला हवी.

त्याही आधी एक गोष्ट. गॅसवर काही चढवलेलं नव्हतं, हे आमचं नशीब. आत दूध उकळत असतं, लहान मूल अडकलं असतं, किंवा आत पडलेल्या वयस्कर माणसाची हाक येईनाशी झाली असती, तर चावीवाल्याची वाट बघायची नसते. १०१ वर अग्निशमन दलाला किंवा ११२ वर पोलिसांना फोन करायचा. दार तुटलं तर तुटू द्यायचं. दार पुन्हा बसवता येतं. चावीवाला त्या वेळेसाठी, जेव्हा जिवाला धोका नाही पण माणूस आपल्याच उंबऱ्याबाहेर अडकून पडलाय.

हे असं अडकणं तसं नवीनच. कऱ्हेकाठच्या बाबूजी नाईकांच्या वाड्यासारख्या जुन्या वास्तूंचे दरवाजे रात्री बंद होत ते आतून अडसर लावून. अडसर लागलेला आहे म्हणजे आत कुणीतरी आहे. साध्या घरांना बाहेरून कडी-कोयंडा आणि त्यात कुलूप. जुन्या बऱ्याच कुलपांत चावी फिरवल्याशिवाय कडी अडकत नसे. म्हणजे चावी घरात विसरून कुलूप लावणं शक्यच नव्हतं. आणि घरात आजी असायची, पडवीत कुणी असायचं. मग फ्लॅट आले, आपोआप लागणारं लॅच आलं. एमआयडीसीत पाळीला जाणारी जोडपी, विद्या प्रतिष्ठान आणि टी. सी. कॉलेजला शिकायला आलेली, खोली करून राहणारी पोरं, दोन्ही मुलं पुण्यात असलेले आईवडील. अशा घरांत दार लागलं की आतून उघडायला कुणी नसतं. चावीवाल्याचा रात्रीचा धंदा या बदलातून वाढला.

आता ते लॅच. दाराच्या कडेतून बाहेर येणारी त्याची जीभ एका बाजूने उतरती असते. दार ढकललं की उतरता भाग चौकटीवर घासतो, जीभ आत दबते, आणि खाच समोर आली की स्प्रिंग तिला पुन्हा बाहेर फेकते. वाऱ्याने दार लागतं ते असं; त्याला चावी लागत नाही. पण याच उतरत्या बाजूला फटीतून काही लवचीक घातलं तर जीभ मागे सरकू शकते. एक्स-रेची जुनी फिल्म घालून दार उघडल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात, त्या खऱ्या आहेत. चावीवालाही आधी हेच करून बघतो, कारण यात कशाचंच नुकसान नाही. चांगल्या लॅचमध्ये जिभेशेजारी एक बारीक दांडी असते. दार बंद असताना ती चौकटीने दबलेली राहते आणि दबलेली असेपर्यंत जिभेला मागे जाऊ देत नाही. तुमच्या दाराचं लॅच फिल्मने झटक्यात उघडलं, तर एकतर ही दांडी त्यात नाही किंवा सुताराने चौकटीची पट्टी सैल बसवल्यामुळे ती खाचेत पडतेय. असं दार उघडून दिल्यावर चावीवाल्याने ते तुम्हाला सांगायला हवं. आत्याच्या दाराला ती दांडी होती, जागच्या जागी. मग प्रश्न चावीच्या भोकाशी आला.

या भोकामागे पितळेचं नळकांडं असतं आणि त्यात फिरणारा गाभा. नळकांड्यातून गाभ्यात उतरणारी पाच-सहा उभी भोकं असतात. प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक, वर बारीक स्प्रिंग. चावी नसते तेव्हा स्प्रिंग पिनांना खाली रेटते आणि वरची पिन निम्मी गाभ्यात, निम्मी नळकांड्यात अडकून बसते. खिळा ठोकावा तसा गाभा जागीच जखडलेला राहतो. चावीचे दाते प्रत्येक जोडीला वेगवेगळ्या उंचीवर उचलतात. योग्य चावी असेल तर सगळ्या जोड्यांमधला सांधा गाभ्याच्या कडेशी अगदी बरोबर येतो, वरच्या पिना वर राहतात, खालच्या खाली, आणि गाभा फिरतो. एक पिन केसभर जास्त उचलली गेली तरी नाही. लाकडी पिनांची अशी कुलपं प्राचीन इजिप्तमध्येही होती. आज आपल्या दारात असतं ते धातूचं आटोपशीर रूप अमेरिकेच्या लायनस येल ज्युनिअरने १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांमधून पक्कं केलं.

पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या, तर ६ × ६ × ६ × ६ × ६ म्हणजे ७,७७६ वेगवेगळ्या चाव्या होतात. इतक्या चाव्या कुणी जवळ बाळगत नाही. मग कुलूप उघडतं कसं? कारखान्यात कितीही काटेकोर काम केलं तरी पाचही भोकं एका रेषेत तंतोतंत पडत नाहीत. कारागीर गाभ्याला अगदी हलका पीळ देतो, तेव्हा पाचही पिना एकदम अडकत नाहीत. एक आधी अडकते. बारीक सळईने तीच हळूच उचलली की सांध्यावर येऊन ठेपते, गाभा जाणवेल न जाणवेल इतका सरकतो, आणि मग दुसरी अडकते. हे सगळं बोटांना कळतं, डोळ्यांना दिसत नाही. त्या रात्री आमचा चावीवाला काम करताना दाराकडे बघतच नव्हता. मान खाली घालून जिन्याच्या फरशीकडे बघत होता. आम्ही बोलत होतो, तर "दोन मिनिटं गप्प राहा" म्हणाला.

कुलूप चावीशिवाय उघडता येतं हे लोकांना सांगावं की नाही, यावर इंग्लंडात पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोठा गदारोळ झाला होता. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनाला अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या कुलूपकाराने आधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवलं. मग ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत सन १७९० पासून दोनशे गिनींच्या बक्षिसासकट मांडलेलं कुलूप त्याने हातात घेतलं आणि सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास घालवून तेही उघडलं. लोक हादरले. पण पुढच्या काळात कुलपं सुधारली ती या धक्क्यामुळेच. मी इथे एवढं मोकळेपणाने लिहितोय ते याच कारणाने. चोराला हे ठाऊक असतंच. ठाऊक नसतं ते घरमालकाला, आणि म्हणून तो पन्नास रुपयांच्या कुलपावर घर सोडून पंढरीला जातो.

आपल्याकडे पिनांच्या कुलपाइतकंच, किंबहुना जास्तच, लिव्हरचं कुलूप दिसतं. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि पुढे त्यांचं नवताल कुलूप घराघरांत पोचलं.  लिव्हर म्हणजे एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या, प्रत्येकीला एक खाच. चावी फिरताना प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलली गेली तरच सगळ्या खाचा एका ओळीत येतात आणि खटका त्यांतून सरकतो. जास्त उचलली गेली तरी अडतं, कमी उचलली तरी अडतं. पट्ट्या जितक्या जास्त तितकं सळईचं काम अवघड. म्हणून अशा कुलपापुढे चावीवाला बऱ्याचदा सळई बाजूला ठेवतो आणि नवी चावीच घडवायला बसतो.

ही चावी घडवणं बघायला मिळालं तर जरूर बघा. बाजारात, फुटपाथवर, छत्रीखाली बसलेले कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. कोरी चावी, म्हणजे दाते न पाडलेली, कुलपात घालायची. पकडीने धरून जोर देऊन थोडी डावी-उजवी करायची. आतल्या पट्ट्या किंवा पिना जिथे अडतात तिथे कोऱ्या धातूवर अगदी पुसट खूण उमटते, नखाने ओढल्यासारखी. चावी बाहेर काढून उजेडात तिरकी धरायची, खूण शोधायची, कानशीने तिथेच दोन-तीन हात मारायचे, पुन्हा आत, पुन्हा जोर, पुन्हा खूण. जिथे उंची बरोबर आली तिथे खूण पडायची थांबते. सगळ्या खुणा थांबल्या की कुलूप उघडतं. वीस मिनिटं लागतात, कधी तासही लागतो. याला हे लोक नुसतं "चावी घासणं" म्हणतात. मूळ चावी समोर नसताना, कुलपाचं पोट न उघडता, केवळ खुणांवरून ती पुन्हा तयार करणं ही मोठी विद्या आहे, आणि तिच्या मानाने आपण त्यांना फार कमी पैसे देतो असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांत शिकलगार बरेच. शब्द फारसीच्या वाटेने आलेला. सैकल म्हणजे धातूला दिलेली झिलई. तलवारी-कट्यारींना धार आणि झिलई देणारे ते शिकलगार. हत्यारांचे दिवस सरले तसे ते विळ्या-कात्र्यांकडे, बादल्या-डब्यांकडे आणि चाव्यांकडे वळले. त्यांत शीख आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत. गावात घरफोडी झाली की पहिली नजर यांच्याकडे वळते, हे मी पाहिलंय आणि ते मला अन्यायाचं वाटतं. कानस चालवता येते एवढ्याने कुणी चोर ठरत नाही. चोराला चावी घासत बसायला वेळही नसतो. तो कटावणीने कोयंडाच उचकटतो. पोलिसांच्या पंचनाम्यांत कडी-कोयंडा तोडल्याचा उल्लेख किती वेळा येतो ते आठवा.

कायद्याच्या नजरेत मात्र चावीवाल्याची पिशवी अवघड जागी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ म्हणतं की सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत घरफोडीचं हत्यार कायदेशीर सबबीशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे. आणि सबब खरी होती हे दाखवण्याची जबाबदारी ज्याच्याजवळ सापडलं त्याच्यावरच टाकलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत शिरण्यासाठी कुलूप उघडणं हेसुद्धा घरफोडीच्या व्याख्येत येतं; काही मोडलेलं असलंच पाहिजे असं नाही. दुसरीकडे, चावीवाल्याने परवाना घ्यावा असा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत कुलूपकाराला सरकारी परवाना लागतो. इथे रात्री अकरा वाजता इंदापूर रस्त्यावर स्कूटरवरून सळया-कानशी घेऊन निघालेल्या माणसाने हवालदाराला काय दाखवायचं? कुणी फोन केला, कुठे चाललोय, आधी कुणाकुणाची दारं उघडली, एवढंच. म्हणून शहाणा चावीवाला वही ठेवतो.

आता तो प्रश्न. घर तुमचं कशावरून?

अडचण अशी की पुरावा बहुतेक वेळा दाराच्या आतच असतो. आधार कार्ड आत, घरपट्टीची पावती आत. आत्याच्या घराचं वीजबिल अजून माझ्या वारलेल्या काकांच्या नावावर येतं, तेही आतच होतं. मग चावीवाल्याने काय केलं? शेजारच्या दोन दारांवर स्वतः जाऊन विचारलं. आम्ही सांगितलं ते ऐकून थांबला नाही. सोसायटीचे अध्यक्ष खाली राहतात, त्यांना वर बोलावलं. मला वीजबिलाचा मेसेज मोबाइलवर दाखवायला सांगितला. तो माझ्याकडे होता, कारण बिल मी भरतो. त्यावरचं नाव आणि दारावरच्या पाटीचं नाव ताडून पाहिलं. आणि दार उघडल्यावर, पैसे घेण्याआधी, आत्याला म्हणाला, "मावशी, आता आधार कार्ड दाखवा." आत्याने ते कपाटातून काढून आणलं. हे सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. ही दहा मिनिटं जो घेत नाही, तो उद्या तुमच्या गैरहजेरीत तुमचं दार दुसऱ्या कुणासाठी तितक्याच तत्परतेने उघडेल. मला तरी त्याच्या भरवशाची याहून चांगली परीक्षा माहीत नाही.

मोठ्या संस्थांनी हेच कागदावर आणलंय. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ ला लॉकरविषयी नव्या सूचना काढल्या, त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. ग्राहकाने लॉकरची चावी हरवली तर बँकेने किंवा तिने नेमलेल्या तंत्रज्ञानेच लॉकर उघडायचा, तोही तीन गोष्टी झाल्यावर: ग्राहकाची ओळख पटवणं, चावी हरवल्याची नोंद, आणि ग्राहकाची लेखी परवानगी. खर्च ग्राहकाचा. ओडिशात पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराचा आतला कक्ष १४ जुलै २०२४ रोजी उघडला, तेव्हा दिलेल्या चाव्यांनी कुलपं उघडलीच नाहीत आणि ती दंडाधिकाऱ्यांसमक्ष कापावी लागली. तिथे हिरे-माणकं होती, आत्याच्या घरात गोळ्यांची पाकिटं होती. तरी विचारायच्या गोष्टी त्याच: मागणारा कोण, साक्षीला कोण, नोंद कुठे.

ओळख पटल्यावरही एखाद्या वेळी चावीवाल्याने नाही म्हणायला हवं. भाडेकरूने भाडं थकवलं म्हणून घरमालक त्याचं कुलूप काढायला बोलावतो. घर मालकाचंच आहे, कागद आहेत, शेजारी ओळखतात. तरीही कोर्टाच्या आदेशाशिवाय भाडेकरूचा ताबा असा काढून घेता येत नाही, आणि त्यात हात घालणारा चावीवाला स्वतः अडकतो. भावाभावांत वाटणीचा वाद असतो, एकाने वाड्याच्या खोलीला कुलूप घातलेलं असतं, दुसरा "माझंच घर" म्हणून ते उघडायला सांगतो. नवरा-बायको वेगळे राहत असताना कपाट उघडायला बोलावणी येतात. एक जुना कारागीर मला म्हणाला होता की भांडणाचं कुलूप त्याला पाच मिनिटांत ओळखू येतं. माणूस घाई करतो आणि शेजाऱ्यांना उठवू नका म्हणतो. अशा वेळी तो पोलिसांना घेऊन या म्हणतो आणि पिशवी उचलतो. कोर्टाचा बेलिफ आदेशाचा कागद आणि पंच घेऊन येतो, तेव्हा तेच काम तो बिनघोर करतो.

पैशाचं बोलू. रात्रीच्या वेळी अडलेला माणूस घासाघीस करत नाही, आणि फसवणूक नेमकी याच्यावर उभी राहते. परदेशात यावर मोठमोठे उद्योग झालेत. नकाशावर खोटे पत्ते टाकून ठेवायचे, फोनवर अगदी कमी आकडा सांगायचा, माणूस पाठवायचा, त्याने आल्या आल्या "हे कुलूप फार अवघड आहे, ड्रिलच मारावं लागेल" म्हणायचं, कुलूप फोडायचं आणि नवं चौपट दराने गळ्यात मारायचं. बारामती अजून तेवढी मोठी झालेली नाही, पण मोबाइलवर "जवळचा चावीवाला" शोधणारी पिढी इथेही आलीय. माझ्या एका मित्राला असाच कुणीतरी भेटला. साध्या लॅचवर पहिल्याच मिनिटाला ड्रिल, वर नव्या कुलपाचे पैसे. म्हणून फोनवरच विचारायचं: येण्याचे किती, उघडण्याचे किती, नवं कुलूप लागलंच तर त्याचे वेगळे किती. ड्रिल किंवा ग्राइंडर काढण्याआधी त्याने थांबून तुम्हाला विचारलं पाहिजे. हाताने, सळईने, चावी घासून बघितल्यावरच ती पाळी यावी. काही कुलपं खरोखरच फोडावी लागतात, आत पिन तुटलेली असते, गाभा गंजलेला असतो; पण प्रामाणिक माणूस काढलेलं कुलूप तुमच्या हातात देतो आणि काय बिघडलं होतं ते दाखवतो.

गंजण्याचं आमच्याकडे फार. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं उसाला पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या. तिथल्या विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीचं कुलूप दोन पावसाळ्यांत दगड होतं. मग शेतकरी त्यात गोडेतेल किंवा खोबरेल ओततो. आठवडाभर बरं चालतं, नंतर धूळ त्या तेलाला चिकटते आणि पिनांभोवती डिंकासारखा गोळा होतो. चावी अडकते, जोर लावला की मोडते, आणि अर्धी आत राहते. चावीवाल्याकडे येणाऱ्या कामांत अशी मोडकी चावी काढायची कामं भरपूर. उपाय अगदी घरचा आहे: कुलूप कोरडं साफ करायचं आणि शिसपेन्सिलीचं शिसं चावीच्या दोन्ही बाजूंना घासून चावी चार-पाच वेळा आत-बाहेर करायची. त्या शिशात ग्राफाइट असतं, ते घसरतं आणि धूळ धरत नाही. उघड्यावरच्या कुलपाला रबराचा तुकडा झाकणासारखा बांधला तरी त्याचं आयुष्य दुप्पट होतं असा इथल्या शेतकऱ्यांचा अनुभव आहे.

इंदापूरची गोष्ट थोडी निराळी. बारामतीपासून पन्नासेक किलोमीटर. तालुका लांबरुंद, एका अंगाला नीरा आणि दुसऱ्या अंगाला उजनीचं पाणी. गावात मालोजीराजांच्या गढीच्या आसपासच्या पेठेत काम करणारा कारागीर रात्री पळसदेवला किंवा वालचंदनगरच्या वसाहतीत जायचं म्हणजे दुसऱ्या गावाचाच प्रवास. पुणे-सोलापूर महामार्ग इथून जातो, म्हणून दाराइतकीच गाड्यांची बोलावणी येतात. ढाब्यावर जेवायला उतरलेल्या माणसाची चावी गाडीत, गाडी लॉक, सोलापूर अजून दीड-दोन तासांवर. जुन्या गाडीचं दार उघडणं एकवेळ सोपं, पण अलीकडच्या गाड्यांत चावी घासून भागत नाही. चावीच्या डोक्यात तांदळाएवढी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून तिला क्षणभर ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. तो गाडीच्या संगणकाला पटला तरच इंजिन चालू राहतं. म्हणजे दाते हुबेहूब असलेली चावी दार उघडेल, गाडी चालू करणार नाही. त्यासाठी चिप नोंदवायचं यंत्र लागतं, आणि ते काही थोड्याच कारागिरांकडे असतं. इथेही आरसी बुक आणि मालकाचं ओळखपत्र बघितल्याशिवाय हात लावू नये. ट्रॅक्टरचं उलट. जुन्या ट्रॅक्टरांच्या चाव्या बऱ्याचदा एकमेकांना लागतात, त्यामुळे शेजाऱ्याची चावी मागून काम भागतं. म्हणूनच ट्रॅक्टर नुसत्या चावीच्या भरवशावर रानात सोडू नये.

अंतर लांब असलं की आधीची तयारी महत्त्वाची. एक चावी विश्वासातल्या घरी ठेवा, पण तिला पत्त्याची चिठ्ठी बांधू नका. चावीचा फोटो कुणाला पाठवू नका, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. नीट काढलेल्या फोटोवरून दात्यांची उंची मोजून चावी करता येते. कपाटाच्या चावीवर क्रमांक कोरलेला असेल तर तो वहीत लिहून ठेवा आणि चावीजवळ ठेवू नका. नव्या घरात राहायला गेलात तर पहिल्याच दिवशी दाराच्या लॅचचा गाभा बदला, कारण बिल्डरच्या माणसापासून रंगाऱ्यापर्यंत कुणाकुणाकडे जुनी चावी आहे हे तुम्हाला कळणार नाही. पूर्ण लॅच बदलायची गरज नसते, फक्त गाभा बदलता येतो. आणि ओळखीचा चावीवाला दिवसाउजेडी शोधून ठेवा. ज्याची टपरी किंवा बैठक वर्षानुवर्षं एकाच जागी आहे, बाजारातले दुकानदार ज्याला नावाने हाक मारतात, त्याच्याकडून एखादी डुप्लिकेट करून घ्या आणि तो काय काय विचारतो ते बघा. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला येते, त्या दिवसांत घरं ओस आणि रस्ते भरलेले असतात. ओळख त्याच्या आधीच झालेली बरी.

आत्याचं दार त्या रात्री पंचवीस मिनिटांत उघडलं. कुलपावर ओरखडाही नव्हता. पैसे फोनवर सांगितले होते तेवढेच घेतले. मग त्याने पिशवीतून लांबट वही काढली, तारीख, वेळ, पत्ता, आत्याचं नाव आणि अध्यक्षांचं नाव लिहिलं, आधारचे शेवटचे चार आकडे टिपले आणि वही सहीसाठी पुढे केली. आत्या चष्मा लावून वाचायला वाकली, तेव्हा त्याने पानाच्या वरच्या भागावर एक जाड पुठ्ठा धरला होता.

"हे काय झाकलंस रे?" आत्याने विचारलं.

"बाकीच्यांची घरं आहेत, मावशी," तो म्हणाला. आत्याने पुठ्ठ्याखालच्या ओळीवर सही केली आणि त्याला धपाटं खाऊन जा म्हणाली.